वर्गांक ३०६.७६

ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणाच्या १९३२ सालच्या तेराव्या आवृत्तीत समलिंगी प्रेमाविषयीच्या ग्रंथांची जागा मनोविकृतींच्या सदरात होती; पुढे अनेक आवृत्त्यांनंतर ती समाजशास्त्रात, कुटुंब आणि लैंगिक संबंधांच्या शेजारी, ३०६.७६ या अंकावर येऊन स्थिरावली. माझी उभी हयात ग्रंथालयाच्या फडताळांमधल्या अरुंद गल्ल्यांत गेली असल्यामुळे या स्थलांतराचे मोल मी जाणतो. परंतु त्या फडताळापाशी चोरपावलांनी येणाऱ्या, उभ्याउभ्याच पाचदहा पाने वाचून, देवघेवीच्या नोंदवहीत आपले नाव उमटू नये म्हणून पुस्तक जागच्या जागी ठेवून निघून जाणाऱ्या वाचकाला ते माझ्याहून अधिक कळत असले पाहिजे.

या विषयावर प्रथम काय वाचावे, असे कोणी विचारले तर मी कायदा किंवा वैद्यक यांच्याकडे बोट दाखवीत नाही. मी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी हाती देतो. घरी भाड्याने राहायला आलेल्या एका तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम बसते आणि तो दोघांनाही सोडून जातो, एवढीच तिची कथा. पूर्वार्धात तन्मय होऊन त्या निघून गेलेल्या माणसाशीच बोलत राहणारा तनय आणि उत्तरार्धात दैनंदिनीतून स्वतःला सावरणारी अनुजा, या दोघांचे दुःख लेखकाने एकाच तागडीत तोलले आहे; भावाचे प्रेम बहिणीच्या प्रेमाहून निराळे म्हणून त्याचे समर्थन करीत बसण्याची गरज त्याला वाटलेली नाही, आणि या कृतीची खरी थोरवी मला त्यातच दिसते.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाविषयी मात्र माझ्या मनात दोन मते आहेत. स्त्रीने स्त्रीवर केलेले प्रेम १९८१ साली मराठी रंगभूमीवर उघड्या प्रकाशात आणणे यास केवढे धैर्य लागले असेल, हे मी विसरत नाही. तथापि अंती नायिका मित्रा हिच्या वाट्याला मृत्यूच येतो, आणि आपल्या मनाची नुकतीच ओळख पटलेल्या एखाद्या मुलीने या वाटेवरचे पहिलेच पुस्तक म्हणून ते वाचावे, असे मला वाटत नाही. आईवडिलांना मी चेतन दातारांचे ‘एक माधवबाग’ सुचवितो, कारण मुलाचे मन उमगताना आईच्या जिवाची होणारी उलघाल त्यात आईच्याच तोंडून ऐकू येते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन आणि दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा काव्यसंग्रह मी शेजारीशेजारी ठेवीत असे. देवीला वाहिलेल्या जोगत्याच्या जिण्याची जाण हवी असलेल्याने राजन गवसांच्या ‘भंडारभोग’कडे वळावे.

हे सारे परदेशातून आलेले खूळ आहे, असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ मला अनेक भेटले. त्यांच्यापुढे मी रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी संपादिलेला, भारतीय भाषांतील प्राचीन व अर्वाचीन साहित्याचे उतारे एकत्र आणणारा २००० सालचा इंग्रजी ग्रंथ ठेवतो. आणि त्याहून जवळचा पुरावा हवा असेल तर आपल्याच दफ्तरांकडे नेतो. मराठेशाहीत हिजड्यांना इनाम जमिनी आणि गावोगावचे हक्क सनदेने मिळत, ते गुरूकडून चेल्याकडे जात, आणि एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील अंमलदारांनी हा वारसा नामंजूर करण्याचा घाट घातला, हा वृत्तान्त लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ सालच्या एका शोधनिबंधात दस्तऐवजांच्या आधारे मांडला आहे. ज्यांना सरकार-दरबारची मान्यता होती, त्यांच्या अस्तित्वाबद्दलच पुढे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, हे वाचताना माझे मन फार विषण्ण होते. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे अंकही या फडताळाचे हक्कदार होत, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ बाबत दिलेला निवाडा अवश्य वाचावा, पण या सर्वांनंतर.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी नोकरीस असलेल्या एका ग्रंथालयाच्या समितीने या विषयावरील पुस्तके कुलपाच्या कपाटात ठेवण्याचा ठराव केला, आणि मी त्याची मुकाट्याने तामिली केली. मागेल त्याला किल्ली मिळेल, अशी माझ्या मनाची मी समजूत घातली होती. दोन वर्षांत ती मागावयास एकही माणूस आला नाही. ज्याला त्या पुस्तकांची अत्यंत निकड होती, त्यालाच ती मागणे अशक्य होते, ही उघड गोष्ट ग्रंथपाल असून मला उमजू नये, याचा सल आजही जात नाही. समिती बदलली, तेव्हा मी ती पुस्तके प्रथम खुल्या फडताळावर आणली, आणि दर्शनी टेबलापासून दूर, खिडकीच्या बाजूला त्यांची जागा केली.

पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’ची प्रत त्यांत होती. सेवानिवृत्तीच्या आधी साठ्याची मोजदाद करताना मी ती उघडली. मागच्या आतल्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी कोरी होती. एकदाही ती कोणी घरी नेली नव्हती. मात्र पानांच्या कडा बोटांनी काळवंडल्या होत्या, शिवण उसवली होती, आणि दोन पाने सुटून आली होती. त्याच दिवशी मी ती बांधणीसाठी पाठविली.