जॉबर म्हणतो, डोकं चालवू नको

आमच्या सूतगिरणीतला जॉबर रोज एकदा तरी ओरडतो, डोकं चालवू नको, हात चालव. अरे, हात तर आपोआपच चालतात. धागा तुटला की बोटं जातात, सांधतात. पहिल्या महिन्यात सगळं ध्यान तिथंच लागायचं. आता ते काम मेंदूच्या आतल्या, सवयी सांभाळणाऱ्या भागाकडं गेलंय. बाकी डोकं मोकळं. माझ्या निम्म्या कविता रातपाळीला तिथंच झाल्यात. जॉबरला ठाऊक नाही, बरंच आहे.

पण दोस्तांनो, सवय काय फक्त बोटांना लागते? माझी आजी बघा. घरात बाबासाहेबांचा फोटो, सकाळ-संध्याकाळ वंदना. तरी गावाकडचा पाटलाच्या घरचा कुणी दारात आला की ती बाजेवरून उठते. का उठलीस म्हटलं तर म्हणते, पाय अवघडला होता. आजी खोटं बोलत नाही. तिचं अंग आधी उठतं, कारण मागनं येतं.

फेफऱ्याच्या इलाजासाठी मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा कापायचे. 1970 च्या दशकात मायकेल गझानिगा आणि जोसेफ लेदू यांनी अशा एका अमेरिकन पोराच्या उजव्या मेंदूला बर्फ दाखवला आणि बोलणाऱ्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय. मग समोरच्या चित्रांतून निवड म्हणाले. उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्यानं फावडं. फावडं का? बर्फाची खबर बोलणाऱ्या मेंदूला नव्हतीच. तरी पोरगं बेधडक म्हणालं, खुराडं साफ करायला लागतं ना!

मला हे खुराडं ओळखीचं वाटलं. शिवाशीव आधी, कारण नंतर. आधी म्हणाले, मागच्या जन्माचं पाप. मग म्हणाले, वंश वेगळा. रिस्ले साहेबानं 1891 ला जातींच्या नाकांची मापं छापली. बाबासाहेबांनी 1948 च्या ‘दि अनटचेबल्स’मध्ये नाकांचीच मापं पुढं ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे म्हणून दाखवलं. वंशाचं कारण गेलं, शिवाशीव गेली नाही. आता भाड्यानं खोली नाकारताना म्हणतात, आमच्यात मटणाचा वास चालत नाही.

हे झालं त्यांचं. आपलं काय? आमच्या अभ्यासवर्गात एका पोरानं विचारलं, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, पण एकेकीचं कारण कोण समजावून देईल? त्याला गप्प बसवला. कुणी म्हणालं, हा तिकडचा माणूस. माझं डोकंच फिरलं. केसपुत्तात बुद्धानं कालामांना काय सांगितलं होतं? परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून नको, आणि हा आपला गुरू आहे म्हणूनही नको. स्वतः तपासा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात माणसांनी देवांची भीती टाकली ती काय प्रश्नाची भीती घ्यायला?

आणि मेंदू काही दगडात कोरलेला नाही. 2000 साली लंडनच्या टॅक्सीवाल्यांचे मेंदू तपासले. जागा-रस्ते ध्यानात ठेवणारा, हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा निघाला. जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. टॅक्सीवाल्याचा मेंदू बरं का, प्रोफेसरचा नव्हे.

त्या पोराच्या घरी जाऊन आलो. येत्या रविवारी ये म्हटलं, तोच प्रश्न परत विचार. पहिल्या प्रतिज्ञेवर मी बोलणार आहे. पाळी बदलून घेतलीय.