जोडलेल्या फाईलची नाडीपरीक्षा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांच्या तक्रारींत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. रक्तदाब वाढलेला असतो, झोप उडालेली असते, औषधे मात्र वेळच्या वेळी चालू असतात. खोदून विचारले की हळू आवाजात उत्तर येते, ‘डॉक्टर, ई-मेलमधली एक फाईल उघडली. मुलांना अजून सांगितलेलं नाही.’ नुकसानीपेक्षा हे लपवणेच प्रकृतीला अधिक बाधते, असा माझा अनुभव आहे.

ई-मेल वापरूच नका, असे मी कोणालाही सांगत नाही. रक्ततपासणीचा अहवाल, विम्याची कागदपत्रे, परदेशी असलेल्या नातवंडांची छायाचित्रे आज त्याच वाटेने घरी येतात. पावसाळ्यात आम्ही पाणी उकळून प्या म्हणतो. पिऊच नका म्हणत नाही. हेही तसेच आहे.

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचा एक मेल जगभर पसरला. सोबतच्या फाईलचे नाव ‘टीएक्सटी’ने संपते, असे अनेकांना पडद्यावर दिसे, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढची ‘व्हीबीएस’ ही खरी अक्षरे संगणक झाकून ठेवीत असे. फाईल उघडताच ती त्या माणसाच्या यादीतील सर्वांना आपल्या प्रती धाडी. त्यामुळे मेल येई तो ओळखीच्या माणसाकडूनच. या जुन्या साथीचे दोन धडे आजही लागू आहेत : पाठवणारा ओळखीचा आहे एवढा पुरावा पुरेसा नाही, आणि फाईलच्या नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

ती अक्षरे ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस किंवा एपीके असतील, तर फाईल उघडू नये. तपासणीचा अहवाल किंवा पत्रिका या रूपात येत नाही. हल्ली व्हॉट्सअॅपवर लग्नाचे आमंत्रण किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येणारी एपीके फाईल हे वस्तुतः मोबाईलमध्ये शिरणारे अॅप असते. झिप फाईल आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये असेल, किंवा कागद उघडल्यावर ‘एनेबल कंटेंट’ दाबा अशी सूचना आली, तर तेथेच थांबावे.

याखेरीज मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. ही फाईल येणार, हे मला ठाऊक होते का? पाठवणाऱ्याच्या नावामागचा पूर्ण पत्ता त्याच संस्थेचा आहे का? मजकुरात भीती किंवा घाई घातली आहे का? शंका आली तर जुन्या पावतीवरील क्रमांकावर फोन करावा. मेलमधील क्रमांकावर नव्हे.

फाईल उघडली गेलीच, तर प्रथम त्या यंत्राचे इंटरनेट बंद करावे. त्यावरून बँकेचा कोणताही व्यवहार करू नये. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. हृदयविकाराप्रमाणे येथेही पहिला तास मोलाचा असतो. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक.

घरातील काळजीवाहकांना माझी विनंती आहे. ‘कशाला हात लावलात?’ हा प्रश्न कृपया विचारू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्यातील कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घातक प्रणाली घुसवून ९४ कोटींहून अधिक रुपये पळवले गेले. बँकेच्या बाबतीत जे घडू शकते, ते सत्तरीतल्या माणसाच्या हातून घडले तर त्याला मूर्ख का ठरवावे? एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी तो मोलाचा तास आजी-आजोबा गप्प बसण्यात घालवतील. ‘बरं झालं, लगेच सांगितलंत’ एवढे म्हणा आणि शेजारी बसून १९३० लावून द्या.