पनीर फ्राय ठेवा म्हणाले

“ताई, बोंबलाऐवजी पनीर फ्राय ठेवा ना, आम्ही सगळे येऊ.” हे वाक्य ऐकून बरेच महिने झाले, तरी आठवलं की डोक्यात तिडीक जाते. बोलणारा माणूस उद्धट नव्हता. हसून, हात जोडून बोलला. उद्धट असता तर मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं असतं.

मी मोऱ्याची. माहेर कोळीवाड्यात, सासर उरणात, नोकरी मुंबईला मशीद बंदरच्या एका पेढीत. मोरा ते भाऊचा धक्का या लाँचच्या बाकावर माझी तरुणपणाची वर्षं गेली. बंदरात गाळ साचलेला, त्यामुळे मोठी ओहोटी असली की लाँच धक्क्याला लागत नाही, आणि माणूस पाण्याकडे बघत बसतो. 12 जानेवारी 2024 ला खारकोपरपासून पुढे उरणपर्यंतची लोकल आणि अटल सेतू या दोन्हींचं एकाच दिवशी उद्घाटन झालं आणि आमच्या भागाचं रूपच पालटलं. द्रोणागिरी, बोकडवीरा, उलवे, जिकडे बघावं तिकडे इमारती, आणि इमारतींच्या खाली खाण्याची दुकानं. त्याआधी बाहेर खायचं म्हणजे चारफाट्यावरचा वडापाव, पिरवाडीच्या किनाऱ्यावरच्या टपऱ्या, नाहीतर न्हावा-शेवा बंदराच्या ट्रेलरवाल्यांसाठी उघडलेले पंजाबी ढाबे.

मला नवीन ठिकाणी जाऊन खायची फार हौस. नवऱ्याला घरचं कालवण सोडून काही नको असतं, म्हणून माझी सोबत असायची मामेबहिणीची. ती माझ्याहून बरीच लहान, मला बाय म्हणते. सुट्टी आली की तिच्या स्कूटरवर बसून आम्ही निघायचो. दोन भावांनी गाळ्यात सुरू केलेली मिसळ खाल्ली, मोमो खाल्ले, रात्री अकरापर्यंत चालणारी डोशाची गाडी गाठली. आणि हायवेला दर्शनी भागात रंगवलेली होडी उभी केलेली ‘आगरी-कोळी’ हॉटेलं तर एकही सोडलं नाही.

या होडीवाल्या हॉटेलांबद्दल मला बोलायचंच आहे. आमच्या कालवणात नारळ जवळजवळ नसतो. चिंच किंवा कैरी, सालासकट ठेचलेली लसूण, आगरी मसाला, तांदळाचं पीठ लावून थोडा दाटपणा, झालं. हॉटेलात ‘कोळी करी’ म्हणून जे येतं ते नारळाचं वाटण घातलेलं मालवणी असतं. मालवणी कालवण सुरेखच लागतं, पण त्याला आमचं नाव कशाला? आणि तिथे सुरमई बाराही महिने मिळते. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत फळ्यावर ‘ताजा पापलेट’ लिहिलेला दिसला तर तो बर्फातला आहे हे समजावं आणि सुकटीची चटणी मागवावी. खायला गेल्यावर कार्ड हातात घेऊ नका, “आज काय आलंय?” एवढंच विचारा. पोऱ्या आत जाऊन विचारून आला आणि एखाद-दोन नावंच सांगितली तर बिनधास्त बसा. सगळं आहे म्हणाला तर डाळभात खा.

हे सगळं माझी बहीण ऐकत होती. एक दिवस म्हणाली, बाय, आपन गाडी लावूया. मामाने आणि बचत गटाने पैसे दिले. जुना छोटा हत्ती टेम्पो घेतला, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर बसवून घेतलं, अन्न सुरक्षेची नोंदणी केली, सिलिंडरजवळ आग विझवायचं नळकांडं टांगलं. पहिल्यांदा मोरा जेट्टीवर उभी राहिली. ते चाललं नाही. लाँचचं वेळापत्रक पाण्यावर चालतं, संध्याकाळी ओहोटी आली की गिऱ्हाईकच नाही, आणि लोकल आल्यापासून लाँचला पूर्वीची गर्दीही दिसत नाही. म्हणून तिने गाडी एका नव्या वसाहतीच्या रस्त्यावर नेली. वसाहतीचं नाव घालत नाही. तिथे आधीपासून डोसा, मोमो आणि चायनीज उभे होते.

तिचे बोंबील कसे असायचे ते सांगते. पहाटे मामाच्या बोटीवरून आलेले, तोंडाशी गुलाबी. उभे चिरून, काटा काढून, दोन पाटांमध्ये घालून वर वरवंटा ठेवायचा. बोंबलात पाणीच पाणी, ते निघालं नाही तर तव्यावर त्याची लापशी होते. तासाभराने पाट उचलले की खालच्या परातीत वाटीभर पाणी असायचं आणि बोंबील कापडासारखे चपटे. मग हळद, मीठ, लसूण, चिंचेचा कोळ, मसाला, वरून तांदळाचं पीठ. रवा नाही. रव्याने कुरकुरीत होतं खरं, पण खाताना रवाच लागतो. तव्यावर कडेने तेल सोडायचं, आणि एकदाच उलटायचं. सोबत हातावर थापलेली तांदळाची भाकरी.

लोक यायचे. बंदरातले कामगार, भाड्याने राहणारी बंगाली आणि ओडिया कुटुंबं, कॉलेजची पोरं. आठ वाजेपर्यंत बोंबील संपायचे. तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी तिच्या हळदीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

आणि मग समोरच्या सोसायटीचं पत्र आलं. ‘मासळीच्या उग्र वासामुळे रहिवाशांना त्रास होत आहे. गाडी हलवावी.’ पत्र फक्त तिला. डोसेवाल्याला नाही, मोमोवाल्याला नाही, चायनीजवाल्यालाही नाही.

तिने मला बोलावलं. आम्ही दोघी त्यांच्या कार्यालयात गेलो. ट्यूबलाइट, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. कमिटीची पाच-सहा माणसं होती. पाणी दिलं, चहा दिला. सुरुवातीलाच एकांनी सांगितलं, “आम्ही कुणाच्या खाण्याच्या विरोधात नाही.” मी म्हटलं, “मग अडचण काय?” तर वास. मी विचारलं, चायनीजच्या गाडीवर चिकन असतं, त्याचा वास येत नाही का? ते म्हणाले, “तो इतका पसरत नाही.” अंड्याचं विचारलं, तर “अंडं चालेल, अंड्याला आमची हरकत नाही.” म्हणजे काय चालेल आणि काय नाही याची यादी तयारच होती. सिलिंडरची भीती आहे का, सांडपाणी रस्त्यावर जातं का, कचरा पडतो का, असं मी एकेक विचारत गेले. तसं असतं तर मी बहिणीलाच चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्यांनी प्रत्येकाला नाही म्हटलं. गाडी स्वच्छ आहे, पोरगी चांगली आहे, फक्त वास. आणि मग ते पनीरचं वाक्य.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही ज्या जमिनीवर राहता तिथे काय होतं ते ठाऊक आहे का? इथे मिठागरं होती, भातशेती होती, खाडीत पोरं निवट्या पकडायची. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, 16 आणि 17 जानेवारी 1984 ला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळायचं ठरलं. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला, माणसं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आणून वसवली आणि तिथे घरांना वाळवी लागली. एवढं सगळं देऊन झाल्यावर आता आमच्या तव्याचा वासही नको? एक गृहस्थ मान डोलावत होते. म्हणाले, “तुमच्या भावना समजतात.” माझी भावना त्यांना कशी समजणार? मी भावना सांगत नव्हते, घडलेलं सांगत होते.

बाहेर पडलो तेव्हा कमिटीतल्याच एक बाई मागून जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, “तुमचे बोंबील मला फार आवडतात हो. पण मीटिंगमध्ये बोलून वाईटपणा कोण घेणार?” पनीरच्या वाक्यापेक्षा हे मला जास्त लागलं. ज्यांना वास नको त्यांचं मी समजू शकते, काही घरांत तो जन्मभर आलेला नसतो. पण ज्यांना हवा आहे त्यांनी खाली मान घालून बसायचं, हे कुठलं शेजारपण?

रात्रभर मी कायदा वाचला. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात फिरते विक्रेतेही येतात. शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, असं तिसऱ्या कलमात लिहिलंय. प्रमाणपत्र मिळाल्यावरही हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. गाडी लावणाऱ्या प्रत्येक पोरीने हे पाठ करून ठेवावं. अर्ज करावा, त्यावर पोच घ्यावी, पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीतच ठेवावी. सोसायटीच्या पत्राला कायद्याचं बळ नाही. रस्ता सोसायटीचा नसतो.

सकाळी हे सगळं मी बहिणीला सांगितलं. माझी खात्री होती की ती तव्यापुढे ठाम उभी राहील. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाय, मना रोज भांडून धंदा नाय करायचा.”

तिने बोंबील बंद केले. पनीर फ्रायही नाही ठेवलं, एवढं मात्र तिने केलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, भरली वांगी, शेवग्याच्या शेंगांचं कालवण. मी रागाने तिच्या गाडीकडे फिरकले नाही. माझ्या मते ती वाकली होती. पुढे एकदा कामावरून येताना उतरले, तर तिथे रांग. ज्यांनी पत्रावर सह्या केल्या होत्या ते रांगेत. मी बिरडं घेतलं. कडवे वाल, रात्री भिजवून, मोड काढून, एकेक सोललेले, आख्खे राहिलेले आणि तरी शिजलेले. ते खाऊन मी काही बोलू शकले नाही. चांगलं होतं, अतिशय चांगलं होतं, आणि तेही आमचंच होतं. रायगडातल्या कुठल्या घरात वाल नाही? थंडीत तिने पोपटी केली, मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याखाली वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी. अंडी-कोंबडी नाही. लहान मुलं मडकं उघडताना बघायला जमायची, त्यांचे आईबाप विचारायचे की हा पाला कुठला. त्यांना कोणीतरी आमचं काहीतरी शिकवत होतं आणि ते आनंदाने शिकत होते. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मला अभिमानही वाटत होता.

पण राग गेला नाही. मी तिला तसं म्हटलंही. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “मना पैसं मिलतान, मंग तुना कशाचा राग?” हप्ते फिटत आलेत तिचे. पूर्वी बोंबील उरले की फेकावे लागायचे, वाल उरले तर दुसऱ्या दिवशी चालतात. मामाच्या बोटीला मासळी मिळो न मिळो, तिची गाडी उभी राहते. हिशेबात ती बरोबर आहे, हे मला दिसतं.

तरी मी मानत नाही. वाल आवडीने करणं वेगळं आणि बोंबील करू दिले नाहीत म्हणून वाल करणं वेगळं. उद्या दुसरी कोणी सुकट-भाकरी विकायला आली तर तिलाही हेच सांगतील, आणि माझ्या बहिणीचं उदाहरण देतील, बघा, त्या ताईंनी ऐकलं, त्यांचं किती छान चाललंय. मामा रोज पहाटे बोंबील आणतो, ते लिलावात व्यापाऱ्याकडे जातात. त्याच्याच पोरीची गाडी आणि तिच्यावर त्याची मासळी नाही.

आता ती दुसरी गाडी घ्यायचं म्हणतेय. माझं म्हणणं, ती उरण स्टेशनच्या बाजूला लावूया, तिथे सोसायटीचं गेट नाही, मुंबईहून थकून उतरणारी माणसं आहेत आणि त्यांतली निम्मी आपल्याच गावांतली. आधी अर्ज, आधी पोच, मग तवा. तिला अजून पटलेलं नाही. ती म्हणते, तिथेही कुणीतरी राहायला येईलच.

अर्ज मी लिहून ठेवलाय. तिची सही तेवढी बाकी आहे.