गुडघ्याची चौकशी

मुलीसाठीं स्थळ पाहतांना गृहस्थ दहा घरीं चौकशी करितो. परंतु स्वतःचा देह शस्त्रवैद्याच्या हातीं देतांना ‘डॉक्टर म्हणतील तें’ एवढ्यावर निभावून नेतो. आमचा जन्म मुलांच्या शंका निरसण्यांत गेला. तेव्हां रावेरहून जळगांवास जाऊन एक्स-रे काढिल्यावर, मनांतील शंकांची यादी करूनच आम्ही पुढचा विचार आरंभिला.

सुश्रुतानें जानूची गणना मर्मांत केली असून, वातानें सुजलेल्या गुडघ्यास कोल्ह्याच्या मस्तकाची उपमा देऊन ‘क्रोष्टुकशीर्ष’ असें नांव दिलें आहे. उपमा यथार्थ खरी. तथापि झिजून गेलेली कूर्चा औषधानें पुन्हां आणणें आजही साधलेलें नाहीं.

शस्त्रक्रियेचे मार्ग मुख्यतः तीन. वय कमी व झीज एकाच बाजूस असेल, तर हाड कापून पायाचा कोन सरळ करितात. एकच भाग बिघडून अस्थिबंध शाबूत असतील, तर तेवढाच भाग बदलतात. सर्वत्र झीज असेल, तर संपूर्ण सांधा. आमच्या वांट्यास तिसरा मार्ग आला. 2019 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आढाव्याप्रमाणें, संपूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकीं सुमारें 82, व अंशतः बदललेल्यांपैकीं सुमारें 70, पंचवीस वर्षें टिकतात. साठी उलटलेल्या मनुष्यास एवढा भरंवसा पुष्कळ झाला. खर्चाविषयीं म्हणाल, तर केंद्र सरकारनें ऑगस्ट 2017 मध्यें नेहमींच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत 54,720 रुपयांवर आणिली. तत्पूर्वीं ती सरासरी दीड लाखाहून अधिक होती. रुग्णालयाचा खर्च अर्थात् निराळा.

थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें, दोन्ही गुडघे एकदमच उरकावे, म्हणजे रजा एकदांच पडेल. परंतु आमच्या हृदयास तो भार सोसेल कीं नाहीं, हा प्रश्न रजेच्या आधींचा. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा 2000 सालीं व उजवा 2001 सालीं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत बदलला गेला, ही गोष्ट पुढें ठेवितांच चिरंजीव निरुत्तर झाले.

खरी अडचण पुढेंच होती. शस्त्रवैद्यांनीं सांगितलें कीं, चालणें व जिना चढणें सुखाचें होईल. मांडी घालणें व उकिडवें बसणें मात्र बहुधा सोडावें लागेल. म्हणजे संध्येचा पाट गेला आणि पंगतही गेली! या एका वाक्यापाशीं आम्ही महिनाभर अडून राहिलों. शेवटीं आमच्या कुटुंबानें तांदूळ निवडतां निवडतां म्हटलें, “पाटावर बसून घरांत अडकण्यापेक्षां खुर्चीवर बसून देवळापर्यंत गेलेलें काय वाईट?” पतंजलीनेंही आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य व सुख एवढेंच मागितलें आहे, पाटाचा आग्रह धरलेला नाहीं.

सबब दिवाळीनंतर उजवा गुडघा करावा, व तो चालता झाल्यावर डाव्याचें पाहावें, असें घरांत सर्वानुमतें ठरलें आहे. वाचकांच्या घरींही कोणी वडील मनुष्य या वाटेवर असेल, तर कोणती शस्त्रक्रिया उत्तम हें विचारण्यापूर्वीं, या पायांनीं पुढें काय काय करावयाचें आहे हें त्यांच्यापाशीं बसून ठरवावें. तें ठरलें म्हणजे डॉक्टरांस काय विचारावयाचें हें आपोआप सुचतें.