दुबईत फोनवरचा संसार



नणंदबाईंच्या लेकीचं बाळंतपण दुबईत आहे. परवा त्यांचा फोन आला, "वहिनी, तिकडे मीठ-मिरचीसुद्धा फोनवरून मागवतात म्हणे. मला जमेल का हो?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या लेकी-सुना तिकडे आहेत.

मी २०२३ साली मार्च ते मे बर दुबईत होते. जावई दिवसभर ऑफिसात, लेकीला डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका म्हणून सांगितलेलं. त्यामुळे दूध, भाजी, औषध, टॅक्सी, सगळं मीच मागवायचे.

पहिली अडचण पत्त्याची. तिथे पोस्टमन घरी येत नाही, पत्रं पोस्ट बॉक्सवर येतात, पिनकोड हा प्रकारच नाही. मी आपली नगरच्या सवयीने अमक्याच्या मागे, तमक्याच्या शेजारी असं लिहायला निघाले, तर लेक म्हणाली, "आई, लिहू नकोस, नकाशावर घर दाखव." इमारतीच्या दाराला दहा आकडी 'मकानी' क्रमांकाची पाटी असते, ती सरकारने दिलेली. इतकं असूनही डिलिव्हरीवाल्याचा फोन यायचाच, "आंटी, कौनसी बिल्डिंग? मस्जिद के सामनेवाली?" बहुतेक मुलं केरळची नाहीतर पाकिस्तानची. मला तर बरंच वाटायचं, दोन शब्द बोलायला मिळायचे.

कार्डाने पैसे द्यायचे तर ओटीपी जावयांच्या फोनवर, आणि जावई मीटिंगमध्ये. दारात रोख देता येतात हे कळल्यावर मी सुटले. नणंदबाई, सुटे दिऱ्हम डब्यात ठेवा.

मला वाटायचं ही ॲप्स सगळी अमेरिकेतून येतात. तसं नाही. टॅक्सीचं करीम २०१२ साली दुबईतच सुरू झालं, पुढे ते उबरने विकत घेतलं. जेवण मागवायचं तलबात २००४ सालचं, मूळ कुवेतचं. तलबात म्हणजे मागण्या. आपल्याला चहाची तलब येते ना, तीच ही तलब!

हे मला शेजारच्या जॉर्डनच्या बाईंनी सांगितलं. त्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या, पण फोन अरबीत ठेवायच्या. त्यांचा फोन पहिल्यांदा हातात घेतला तर आरशात बघितल्यासारखं झालं. मागे जायचा बाण उजवीकडे, यादी उजवीकडून सुरू. आकडेही वेगळे. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. डायपरचा पंचेचाळीसचा पुडा मी चाळीसचा समजून बसले. गंमत म्हणजे अरबीत या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात.

मग त्या एकेक शब्द वाचून दाखवायच्या. माझं खातं म्हणजे 'हिसाबी'. अटींना 'शुरूत', म्हणजे आपल्या अटी-शर्तींतल्या शर्ती. ऑर्डर पक्की करायचं बटण 'ताकीद'. मी हसतच सुटले. आमच्या सासूबाई ताकीद द्यायच्या ती वेगळी!

त्यांची एक तक्रार मला फार पटली. अरबीत 'निवडा' म्हणताना बाईला वेगळं क्रियापद लागतं आणि पुरुषाला वेगळं, पण बहुतेक ॲप्स सरसकट पुरुषाशीच बोलतात. ट्विटरने २०२१ साली बाईशी बाईसारखं बोलायची सोय अरबीत आणली, तेव्हा त्यांनी ती लगेच चालू केली होती. घरी येऊन मी माझा फोन मराठीत केला. एका ॲपने मला सांगितलं, 'तुम्ही बाहेर पडला आहात.' पडल्या आहात म्हणायला काय जातं?

व्हॉट्सॲपचं आधीच सांगून ठेवते. संदेश जातात, व्हिडिओ जातात, पण त्यावरून फोन लागत नाही. इंटरनेटवरून बोलायला तिथे परवान्याचं ॲप लागतं. आमच्याकडे बोटिम होतं, पण ते नगरला यांच्या फोनवरही हवं ना! यांनी "पुतण्या आला की टाकतो" म्हणत दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी नातवाला समोर बघितलं आणि पाच मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

आता जेवणाचं. शाकाहारी असं निवडलं तरी अंडं येतं आणि कांदा-लसूण तर येतोच. सूचनेच्या चौकटीत लिहा, पण त्यावर विसंबू नका, हॉटेलला फोन करा. बर दुबईत 'जैन' म्हटलं की समजणारी हॉटेलं आहेत.

माझा चौविहार. त्या वर्षी २३ मार्चला रमजान सुरू झाला, आणि मगरिब म्हणजे सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास. अख्ख्या शहराला त्याच मिनिटाला ताट समोर हवं होतं आणि मला ते त्याच्या आधी संपलेलं हवं होतं. लेक दवाखान्यात होती त्या दिवशी मी सकाळपासून तिथेच, नुसत्या दुधावर. संध्याकाळी घरी येऊन पाच वाजता इडली मागवली. सहाला 'जवळ आलो' असं दिसलं. सव्वासहाला 'पोहोचवलं' आणि दारात कोणी नाही! ॲपने लगेच विचारलं, सेवा कशी वाटली? मी दोन तारे दाबले आणि कारणात 'उशीर' निवडलं.

अजान झाली आणि मग बेल वाजली. विशी-बाविशीचा मुलगा, ओठ सुकलेले. लिफ्टला रांग होती म्हणाला, जिने चढून आला होता. वेळ चुकू नये म्हणून खालीच 'पोहोचवलं' दाबलं होतं. त्याचाही रोजा अजून सुटला नव्हता. मी पाणी आणि खजूर पुढे केले. दारातच उभ्याने खाल्ले. इडली घे म्हटलं तर म्हणाला, "आंटी, दो ऑर्डर और हैं," आणि पळाला.

मी तारे बदलायला गेले. बदलता येत नव्हते. मदतीच्या खिडकीत तीनदा लिहिलं, तीनदा तेच ठरलेलं उत्तर आलं, तुमच्या मताबद्दल धन्यवाद. जावयांनीही खटपट केली, पण नाही. इडली वॉचमनला दिली. त्या रात्री प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडं म्हणताना त्या मुलाचं नावसुद्धा मला आठवेना. ॲपवर दिसत होतं, मी वाचलंच नव्हतं.

नमाजाच्या वेळांचं ॲप शेजारणीने माझ्या फोनवर टाकून दिलं होतं. त्यात 'शुरूक' म्हणजे सूर्योदय, तो मिनिटासकट. त्यात अठ्ठेचाळीस मिनिटं मिळवली की आपली नवकारसी. संध्याकाळची मगरिबही मिनिटासकट. नगरला आल्यावर फक्त गाव बदललं. नणंदबाईंच्या फोनवरही कालच टाकून दिलंय.