उलाढाल आणि शिल्लक

फुटबॉलच्या बाद फेरीतल्या सामन्याचं भविष्य सांगणं हे पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड काम आहे. पत्रिका जुळवणाऱ्याला निकालासाठी निदान वीस-पंचवीस वर्षांची मुदत मिळते. फुटबॉलच्या ज्योतिषाला फार तर दोन-अडीच तास. तरीही माणसं भविष्य सांगतात. बँकेतली तर जास्तच, कारण आकडे म्हणजे आमच्या घरचं कार्य!

६ डिसेंबर २०२२ चा स्पेन-मोरोक्को सामनाच घ्या. विश्वचषक कतारला, सामना आपल्याकडे रात्री साडेआठला. पण आमच्या शाखेत दुपारच्या डब्यालाच त्याचा निकाल लागून गेला. आमचे कॅशियर स्पेनच्या बाजूचे. नोटा मोजाव्यात तसे ते पास मोजतात.

"अहो, कोस्टा रिकाला सात-शून्य! आणि तुमचा मोरोक्को? क्रोएशियाशी शून्य-शून्य. शून्याला कोण विचारतो?"

मुदत ठेवींचं टेबल सांभाळणाऱ्या बाई डब्याचं झाकण लावत शांतपणे म्हणाल्या, "तीन सामन्यांत मोरोक्कोवर एकच गोल झालाय, आणि तोही त्यांच्याच माणसानं केलेला. म्हणजे परक्याला अजून एक पैसा दिलेला नाही."

बाईंनी मर्मावर बोट ठेवलं होतं. खातेदार दोन प्रकारचे असतात. एक चालू खात्यावाले. दिवसाला शंभर नोंदी, चेक येतायत, चेक जातायत, पानं भरतायत. महिनाअखेरीला शिल्लक बघावी तर जेमतेम. स्पेन हा त्यातला. आदल्याच सामन्यात त्यांनी जपानला चेंडू जेमतेम १७.७ टक्के वेळ मिळू दिला, आणि जपान २-१ नं जिंकला! दुसरे खातेदार म्हणजे वर्षातून एकदा पासबुक भरायला येणारे आजोबा. काउंटरवर बोलत नाहीत, घाई करत नाहीत, मुदतीआधी मोडत नाहीत. मोरोक्को म्हणजे हे आजोबा. त्यांचे प्रशिक्षक वालिद रेग्रागी ऑगस्ट २०२२ मध्येच नेमलेले, पण तिजोरीची किल्ली त्यांनी पहिल्या दिवसापासून कनवटीला लावली होती.

स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके मात्र पडले मास्तर. वर्षभर आधीच त्यांनी पोरांना गृहपाठ दिला होता : विश्वचषकाला येण्यापूर्वी प्रत्येकानं किमान हजार पेनल्टी मारून यायचं. आमच्या मास्तरांची मजल 'शंभर वेळा लिहून आण'च्या पुढे कधी गेली नव्हती.

आता इतका चोख हिशेब मांडल्यावर काय राहिलं? एक नोंद राहिली. मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले. त्यातला अश्रफ हकिमी तर खुद्द माद्रिदचा. आई लोकांच्या घरची साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे, हे त्यानंच सांगितलेलं आहे. फुटबॉल शिकला रेआल माद्रिदकडे, खेळायला उभा राहिला आईबापांच्या देशाकडून. ही नोंद कॅशियरसाहेबांच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

रात्री काय झालं ते जगाला ठाऊक आहे. १२० मिनिटं, स्पेनचे हजाराहून अधिक पास, आणि गोल शून्य-शून्य! मग पेनल्ट्या. साराबियाचा फटका खांबाला लागला. सोलेर आणि बुस्केट्स यांचे मोरोक्कोच्या बुनूनं अडवले. हजार वेळा गिरवलेला धडा परीक्षेत तीनदा विचारला, तीनदा चुकला. मग हकिमी आला. हा गोल झाला की स्पेन घरी. एवढ्या घटकेला आपण असतो तर डोळे मिटून चेंडू हाणला असता. त्यानं गोलरक्षकाला एका बाजूला झेपावू दिलं, आणि घरात मूल झोपलेलं असताना दार हळूच लोटून घ्यावं तसा चेंडू मधोमध अलगद सोडून दिला. मोरोक्को ३-०.

पुढे १० डिसेंबरला पोर्तुगाललाही हरवून विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाणारा मोरोक्को हा आफ्रिकेतला पहिला देश ठरला. तिथे फ्रान्सनं त्यांना अडवलं, ते असो.

तेव्हा यापुढे कुणी बाद फेरीचं भविष्य विचारलं, तर टक्केवारी जरूर काढावी, पासही मोजावेत. पण त्या गावात कुणाच्या आईनं कुणाच्या घरचा केर काढला होता, हेही जरा विचारून घ्यावं. तसली खाती फार जुनी असतात, पासबुकात दिसत नाहीत, आणि व्याज मात्र चक्रवाढ चढत असतं.