घोडा परवडला असता तर

आमच्या घरात मी एकटी डावखुरी. जेवताना डावा हात ताटाकडे गेला की आजी नुसती बघायची, बोलायची काही नाही. शाळेतल्या एक बाई मात्र बघत बसत नसत. त्यांच्याकडे लाकडी पट्टी होती. दुसरीच्या सहामाहीपर्यंत माझं अक्षर उजव्या हातात गेलं आणि, कबूल करायला हवं, सुरेख गेलं. पुढे त्याला बक्षिसंही मिळाली. ती घेताना ही बक्षिसं नेमकी कुणाची, असं कधीकधी वाटून जायचं.

त्यामुळेच असेल, मॉरीन कॉनोलीबद्दल वाचताना मी तिच्या विजेतेपदांच्या यादीवर थांबले नाही. थांबले ते एका लहानशा वाक्यावर: ही मुलगी मुळात डावरी होती. डावऱ्या मुलीचं टेनिसमध्ये काही खरं नाही अशी तेव्हाची समजूत, म्हणून पहिल्याच प्रशिक्षकाने तिला उजव्या हाताने खेळायला लावलं. टेनिसमधले सर्वांत जबर फटके ज्या हाताने मारले गेले, तो तिचा दुसरा हात होता.

आणि टेनिस तरी कुठे तिची पहिली आवड होती? मॉरीनचा जन्म १९३४चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. तिला घोड्यावर बसायचं होतं. वडील घरात नाहीत, आईला रपेटीच्या शिकवणीचे पैसे झेपणारे नाहीत. रॅकेट त्या मानाने स्वस्त. दुधाची तहान ताकावर भागवतात तसं घोड्याऐवजी टेनिस आलं. सोळाव्या वर्षी, १९५१ साली, ती अमेरिकन विजेती झाली.

हे ताक फार आंबट होतं, हे मात्र नंतर कळतं. तिची गुरू एलिनॉर टेनंट. सगळे तिला ‘टीच’ म्हणत. अ‍ॅलिस मार्बलला घडवलेली, दरारा असलेली बाई. प्रतिस्पर्ध्याशी मैत्री करायची नाही, त्याचा द्वेष करायचा, हा तिचा धडा. १९५१च्या उपांत्य सामन्यात मॉरीनसमोर होती डोरिस हार्ट, त्याच वर्षीची विम्बल्डन विजेती. लहानपणी गुडघ्याच्या भयंकर दुखण्यातून उठून इथवर आलेली आणि मॉरीनला मनापासून आवडणारी. टीचने मॉरीनच्या कानात घातलं, की हार्ट तुला लाडावलेलं पोर म्हणते. मॉरीन पेटली, जिंकली. ते सांगणं खोटं होतं, हे बऱ्याच काळाने उघड झालं. पट्टीपेक्षा हे वाईट, असं मला वाटतं. पट्टीचा वळ निदान दिसतो.

पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या तोंडावर खांदा दुखावला. टीच म्हणाली, खेळायचं नाही. सतरा वर्षांच्या या पोरीने स्वतः पत्रकारांना बोलावून सांगितलं, की टीचचा आणि माझा आता संबंध नाही. आणि ती स्पर्धा जिंकली. वाटेत ब्रिटनच्या सुसान पार्ट्रिजने तिला जवळजवळ घरी पाठवलं होतं, ते वेगळं. मला तिच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत धीट फटका वाटतो तो हा, पत्रकारांसमोरचा.

मग आलं १९५३. ऑस्ट्रेलियन हॅरी हॉपमन आता तिच्या पाठीशी होता. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, विम्बल्डन, अमेरिका, चारही स्पर्धा एकाच वर्षात. असं करणारी ती पहिली बाई. चारही स्पर्धा मिळून तिने सेट गमावला तो एकच, पॅरिसमध्ये, आणि तोही याच सुसानकडे. शेवटच्या तिन्ही अंतिम सामन्यांत समोर डोरिस हार्टच होती. विम्बल्डनचा त्यातला सामना ८-६, ७-५ असा गेला. एकतर्फी नव्हे, पण दोन्ही सेट मॉरीनचेच. तिची सर्व्हिस काही खास नव्हती, नेटकडे ती फारशी जायची नाही. मागच्या रेषेवर पाय रोवून खोल, सपाट, घणाघाती फटके मारत राहायची. सॅन डिएगोच्या नेल्सन फिशर या क्रीडापत्रकाराने तिला ‘लिटल मो’ म्हटलं ते ‘मिसुरी’ या युद्धनौकेवरून. त्या नौकेला ‘बिग मो’ म्हणत आणि जपानने शरणागती लिहून दिली ती तिच्याच डेकवर. साडेपाच फूटही उंची नसलेल्या मुलीला तोफांचं नाव!

युद्धनौकेचं नाव दिलं आणि गावाने दुसरंही काही दिलं. विम्बल्डन जिंकून आल्यावर सॅन डिएगोकरांनी तिला घोडा भेट दिला. कर्नल मेरीबॉय. म्हणजे अखेर दूध मिळालं.

२० जुलै १९५४. तिसरं विम्बल्डन जिंकून तीन आठवडेही झाले नव्हते. ती रपेटीला निघाली होती. काँक्रीट कालवणारा ट्रक अगदी जवळून गेला, घोडा बिथरला, तिचा उजवा पाय ट्रकवर आदळला. हाड मोडलं, पोटरीचे स्नायू फाटले. एकेरीत खेळलेल्या शेवटच्या नऊच्या नऊ मोठ्या स्पर्धा जिंकलेली ही मुलगी त्यानंतर एकही स्पर्धा खेळली नाही. वय एकोणीस.

यापुढे कोर्ट आलं ते निराळं. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ९५ हजार डॉलरची भरपाई कायम केली. ती हौशी खेळाडूंच्या काळातली. जिंकल्यावर चषक मिळे, पैसे नाहीत. विम्बल्डनमध्ये बक्षिसाची रक्कम आली ती १९६८ साली, विजेतीला ७५० पौंड. तिच्या पायाला किंमत आली ती मोडल्यावर.

टेनिसच्या गोष्टी सांगणारे इथे हमखास उसासा टाकतात. घोड्याने घात केला नसता तर अजून किती चषक! मला तो उसासा टाकवत नाही. उजवा हात प्रशिक्षकाने दिला, द्वेष टीचने दिला, नाव वर्तमानपत्राने. घोडा तेवढा तिने स्वतः मागितला होता. वर्षभरात तिने लग्न केलं ते नॉर्मन ब्रिंकरशी. तो हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेला घोडेस्वार! एवढं होऊनही घोड्यांकडे तिने पाठ फिरवली नाही.

दोन मुली झाल्या, घर डॅलसला गेलं. तिथे ती लहान मुलांच्या टेनिससाठी खपत राहिली. कर्करोगाने ती गेली २१ जून १९६९ला, शनिवारी, चौतिसाव्या वर्षी. सोमवारी विम्बल्डन सुरू झालं.

हे सगळं मी उजव्या हाताने लिहिलं आहे. मघाशी नातीने दारातून चेंडू फेकला, तेव्हा पेन खाली न ठेवताच तो झेलला गेला.